सुरतेच्या पालिकेचा नकार

पंचायतीच्या कचेरीत जाऊन नळाची, गटाराची अथवा शाळेच्या गळक्या छपराची तक्रार केली की बहुधा एकच उत्तर मिळते : "वरून निधी आलेला नाही." हे उत्तर आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की, 'वर' म्हणजे नेमके कोठे आणि तेथून पैसा का आला नाही, हे विचारण्याचे भान कोणास राहत नाही. पाऊस जसा वरून येतो तसा निधीही वरून येतो, आला तर आला, न आला तर दुष्काळ, अशी आपली समजूत होऊन बसली आहे.

मग लोकांनी निवडून दिलेल्या मंडळाने वरच्या सरकारला कधी 'नाही' म्हणावे की म्हणू नये? आणि म्हटलेच, तर पुढे काय होते? या प्रश्नाचा विचार करताना आमचे लक्ष सुरत शहराकडे गेले. खानदेशातील कितीतरी घरांतील माणसे तेथल्या यंत्रमागांवर पोटासाठी गेलेली आहेत. लिंबायत, उधना, डिंडोली ही नावे धुळे-नंदुरबारकडील खेड्यांत शेजारच्या गावांसारखी उच्चारली जातात. तेव्हा हे शहर आपणांस परके नव्हे. शंभर वर्षांपूर्वी तेथल्या नगरपालिकेने सरकारला एक मोठा नकार दिला होता. त्याची हकीकत आपल्या पंचायतींनाही उपयोगी पडेल असे आम्हांस वाटते.

प्रथम थोडे मागे जावे लागेल. तिजोरीत तूट आली म्हणजे वरचे सरकार काय करते, याचा नमुना १८७० मध्ये लॉर्ड मेयो या गव्हर्नर जनरलांनी घालून दिला. पोलीस, तुरुंग, शिक्षण, वैद्यकीय खाते आणि रस्ते ही कामे त्यांनी इलाख्यांच्या सरकारांकडे सोपविली. लोकांच्या जवळचे सरकार ही कामे अधिक चांगली करील, असे कारण सांगण्यात आले, आणि ते अगदीच खोटे होते असे नाही. परंतु कामांबरोबर दिलेली रक्कम पूर्वीच्या खर्चाहून कमी होती. उरलेली तूट काटकसर करून अथवा स्थानिक कर बसवून भरून काढावी, असा त्या व्यवस्थेचा आशय होता. इलाख्यांनी पुढे तेच नगरपालिकांशी आणि लोकल बोर्डांशी केले. बारा वर्षांनी, १८८२ मध्ये, लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव काढला, तेव्हा हे ओझे उचलण्यासाठी निवडून आलेले खांदेही तयार झाले. कर्तव्य खाली उतरले, पैसा वरच राहिला.

सुरतेच्या लोकांना कराचा बडगा नवा नव्हता, आणि तो मुकाट्याने सोसण्याची त्यांची रीतही नव्हती. १८४४ मध्ये कंपनी सरकारने शहरांतील जुने कर व जकाती उठविल्या आणि ते नुकसान भरून काढण्यासाठी मिठावरील कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपयावर नेला. दुकानदाराची जकात गेली आणि ती गरिबाच्या भाकरीत येऊन बसली. सुरतेत त्यावर मोठा दंगा झाला, आणि सरकारला वाढ कमी करून बारा आण्यांवर यावे लागले. पुढे १८७८ मध्ये दुष्काळनिवारणाच्या निधीसाठी म्हणून व्यापाऱ्यांवर परवाना-कर बसला, तेव्हाही एप्रिल महिन्यात शहर बंद झाले आणि दंगल उसळली. (तो निधी दुष्काळाऐवजी अफगाण युद्धाकडे वळतो आहे, अशी ओरड त्याच सुमारास देशभर झाली होती.) मात्र हे सारे रस्त्यावरचे विरोध होते. सुरतेस १८५२ पासून नगरपालिका असली तरी त्या वेळी तीत लोकांचे असे फारसे कोणी नव्हते.

ती स्थिती १९२१ मध्ये बदलली. सुरत त्या काळी मुंबई इलाख्यात होती. १९१९ च्या सुधारणांनी शिक्षण आणि स्थानिक स्वराज्य ही खाती हिंदी मंत्र्यांच्या हाती आली होती, पण तिजोरीची किल्ली मात्र गव्हर्नरांच्या कार्यकारी मंडळाकडेच राहिली. शिवाय मेस्टन निवाड्याप्रमाणे मुंबई इलाख्याने दर वर्षी छप्पन्न लाख रुपये मध्यवर्ती सरकारला द्यावयाचे होते. इलाख्याचे पहिले हिंदी शिक्षणमंत्री होते रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिला आलेला हा मराठी विद्वान मंत्री झाला खरा, पण हाती पैसा नसता शाळा कशा वाढवाव्यात, हे गणित त्यांनाही सुटण्यासारखे नव्हते.

याच वेळी असहकाराची चळवळ ऐन भरात होती. सुरतेत तिची धुरा दयाळजी देसाई आणि कल्याणजी मेहता यांच्यासारख्यांनी वाहिली. एकाने अनाविल मुलांसाठी आश्रम चालविला, दुसऱ्याने पाटीदार मुलांसाठी. नगरपालिकेत असहकारवाद्यांचे बहुमत झाले आणि पालिकेने ठरविले की, आपल्या प्राथमिक शाळा यापुढे 'राष्ट्रीय' होतील, त्यांसाठी सरकारी अनुदान घेतले जाणार नाही आणि सरकारी तपासनिसांची तपासणीही होऊ दिली जाणार नाही. अहमदाबाद आणि नडियाद या नगरपालिकांनीही हाच मार्ग धरला.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. आज आपण जेव्हा स्थानिक मंडळाचा विरोध म्हणतो, तेव्हा 'आमचे अनुदान कमी करू नका' अशी ती मागणी असते. सुरतेच्या नगरसेवकांनी उलटे केले. अनुदान हाच लगाम आहे हे ओळखून त्यांनी लगामच तोंडातून काढून टाकला. ज्याचे पैसे घ्यावयाचे त्याचा हुकूम ऐकावा लागतो, म्हणून पैसेच नकोत, असा तो रोखठोक हिशेब होता. त्यात धैर्य होते यात शंका नाही.

सरकारने काय केले? प्रथम शाळांचा कारभार पालिकेच्या हातून काढून घेण्याचा प्रयत्न झाला. नगरसेवकांनी पालिकेचा पैसा राष्ट्रीय शिक्षण मंडळाकडे वळवून शाळा चालू ठेवण्याची खटपट केली. अखेर १९२२ मध्ये सुरतेची नगरपालिका बरखास्त करण्यात आली आणि तिच्या जागी सरकारने नेमलेली व्यवस्थापक समिती आली. अहमदाबादेचीही तीच गत झाली. तेथे तर वल्लभभाई पटेल आणि त्यांचे अठरा सहकारी नगरसेवक यांच्यावर पालिकेचे सुमारे १ लाख ६८ हजार रुपये गैरमार्गाने खर्च केल्याबद्दल सरकारने दावा लावला. तो दावा न्यायालयात टिकला नाही, हे सांगितले पाहिजे.

शाळांचे पुढे काय झाले, हा आमच्या मते या हकीकतीतील सर्वांत महत्त्वाचा भाग. एकाच शहरात, कधी एकाच आळीत, सरकारी समितीची एक शाळा आणि राष्ट्रीय मंडळाची दुसरी, अशी स्थिती झाली. कोणत्या शाळेत मूल घालावे हा प्रश्न प्रत्येक घरात उभा राहिला. १९२२ च्या फेब्रुवारीत चौरीचौऱ्याच्या घटनेनंतर, सुरत जिल्ह्यातल्याच बारडोली येथे, चळवळ थांबविण्याचा निर्णय झाला. वारा पडला तशा राष्ट्रीय शाळाही हळूहळू ओसरल्या, आणि देणग्यांचा ओघ आटला. मुले पुन्हा पालिकेच्या बाकांवर आली, पण ज्यांची वर्षे मधल्या मध्ये गेली ती गेलीच.

नगरसेवकांना आम्ही दोष देत नाही. वरच्या सत्तेपुढे मान तुकवून खुर्ची राखणे त्यांना सहज शक्य होते, आणि तसे करणारे त्या काळीही थोडे नव्हते. तथापि 'नाही' म्हणण्याच्या रात्रीच दुसऱ्या दिवशीच्या शाळेची, दिव्याची आणि झाडूची सोय कोण करणार, हा हिशेब मांडावयास हवा होता. अनुदानाऐवजी कोणता कायमचा पैसा येणार, याचे पक्के उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. लोकांच्या उत्साहावर शाळा एक वर्ष चालते, दहा वर्षे चालत नाही.

गंमत अशी की, त्याच १९२१ साली लंडन शहराच्या पूर्व भागातील पॉप्लर नावाच्या गरीब वस्तीच्या नगरपालिकेनेही असाच एक नकार दिला. गोदीत काम करणाऱ्या मजुरांची ती वस्ती. महायुद्धानंतर बेकारी वाढली होती, आणि बेकारांना साह्य देण्याचा भार प्रत्येक वस्तीने स्वतःच्या घरपट्टीतून उचलावा असा कायदा होता. श्रीमंत वेस्टमिन्स्टरात एका पेनीच्या पट्टीतून जितके जमे त्याचा लहानसा अंशच पॉप्लरात जमे, आणि बेकार मात्र पॉप्लरातच अधिक. जॉर्ज लॅन्सबरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरविले की, गरिबांना साह्य देणे थांबवावयाचे नाही; त्याऐवजी लंडन काउंटी कौन्सिल आदी वरच्या संस्थांना द्यावयाचा हिस्साच गोळा करावयाचा नाही. न्यायालयाने हुकूम केला, त्यांनी तो मानला नाही, आणि सप्टेंबरात तीस नगरसेवक तुरुंगात गेले. त्यांत काही स्त्रियाही होत्या. पालिकेच्या सभा तुरुंगातच भरू लागल्या. सुमारे सहा आठवड्यांनी त्यांची सुटका झाली आणि लगोलग कायदा बदलून गरिबांच्या साह्याचा भार सबंध लंडनवर वाटण्यात आला. लॅन्सबरींची सून मिनी हीही तुरुंगात गेली होती. ती १९२२ च्या आरंभी, वयाच्या अवघ्या तेहेतिसाव्या वर्षाच्या आत, वारली.

पॉप्लरच्या लोकांनी गरिबाच्या हातात पडणारा पैसा एक दिवसही अडविला नाही. अडविला तो वर जाणारा. सुरतेच्या लोकांनी वरून येणारा अडविला, आणि झळ खालच्या बाकावरच्या मुलाला लागली. लंडनच्या नगरसेवकांना स्वतःच्या देशाचे सरकार होते, पार्लमेंटात मित्र होते. सुरतेच्या नगरसेवकांसमोर परके राज्य होते. ही तुलना म्हणूनच पुरती न्याय्य नाही, हेही आम्ही जाणतो.

काटकसरीची कुऱ्हाड मात्र दोन्हीकडे एकाच सुमारास पडली. विलायतेत गेडीस कमिटीने १९२२ मध्ये शिक्षणासह अनेक खात्यांवर मोठी कपात सुचविली. तिचेच अनुकरण म्हणून हिंदुस्थानात लॉर्ड इंचकेप यांची कमिटी बसली. तिने १९२३ मध्ये सुमारे एकोणीस कोटी रुपयांची काटछाट सुचविली. त्यात सैन्याच्या खर्चावरही कात्री होती, हे न्यायाने सांगावयास हवे. एवढ्यानेही भागेना, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी मध्यवर्ती विधिमंडळाचा विरोध बाजूस सारून मिठावरचा कर मणामागे सव्वा रुपयावरून अडीच रुपये केला. पुढच्याच वर्षी तो पुन्हा खाली आणावा लागला. मिठाचा प्रश्न सात वर्षांनी पुन्हा याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, दांडीस, येऊन उभा राहिला. दांडी तेव्हा सुरत जिल्ह्यात होती.

आणि शाळा? १९२३ मध्ये परांजपे यांनी मुंबई इलाख्याचा प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. त्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक मंडळांकडे सोपविला, म्हणजे सुरतेची पालिका ज्यासाठी बरखास्त झाली त्यातला बराचसा भाग वर्षभरात कायद्यानेच दिला. सक्तीच्या शिक्षणाचा वाढीव खर्च नगरपालिकांच्या बाबतीत निम्मा आणि जिल्हा लोकल बोर्डांच्या बाबतीत दोन-तृतीयांश सरकारने सोसावा असेही ठरले. कागदावर हे उत्तम होते. परंतु सरकारपाशी आपला हिस्सा देण्यास पैसा नव्हता, म्हणून योजना वर्षानुवर्षे रेंगाळल्या. अधिकार मिळाला, आणि पैशाअभावी तो हातात तसाच राहिला. हीच मेयोसाहेबांची जुनी रीत.

स्वराज्य आल्यावर ही रीत गेली काय? १९९२ च्या त्र्याहत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी एकोणतीस आणि नगरपालिकांसाठी अठरा विषयांची यादी घटनेत आली, आणि मंडळ बरखास्त झाले तर सहा महिन्यांच्या आत निवडणूक घेण्याचे बंधन आले. १९२२ ची सुरत आज तितक्या सहजी होऊ नये, अशी ती तरतूद. तरीसुद्धा मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकच कारभार पाहत होता. राज्यातील इतर अनेक शहरांतही हेच घडले. बरखास्तीचा हुकूम कोणी काढला नाही, निवडणूकच झाली नाही. सभागृहच रिकामे असले म्हणजे कपातीला 'नाही' म्हणणार कोण?

पैशाच्या बाबतीत सुरतेचे अलीकडचे उदाहरण फार बोलके आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये त्या शहरात प्लेगाची साथ आली. पन्नासच्या आसपास माणसे दगावली आणि काही लाख लोक शहर सोडून पळाले. त्या दिवसांत गावोगावी परतलेल्या मजुरांकडे शेजारी कसे भीतीने पाहत, हे खानदेशातील पन्नाशीपुढच्या माणसांना आठवत असेल. पुढल्या वर्षी एस. आर. राव हे आयुक्त म्हणून आले. कचरा, गटारे आणि झोपडपट्ट्यांतील पाणी यांकडे त्यांनी असे लक्ष घातले की, दोनएक वर्षांतच सुरत देशातील स्वच्छ शहरांत गणली जाऊ लागली. २०२३ च्या स्वच्छता सर्वेक्षणात इंदूरबरोबर सुरतेने पहिला क्रमांक वाटून घेतला. रावसाहेबांच्या कर्तबगारीचे कौतुक सर्वांनी केले आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्या हाताशी शहराच्या नाक्यांवर रोज जमणारी जकात होती, ही गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. सफाईसाठी कोणाच्या दारात अर्ज घेऊन उभे राहण्याची पाळी त्यांच्यावर नव्हती.

ती जकात गुजरात सरकारने नोव्हेंबर २००७ मध्ये महानगरपालिकांतून उठविली. ट्रकवाल्यांचा खोळंबा आणि नाक्यांवरचा भ्रष्टाचार थांबला, हा लाभ खरा. त्या बदल्यात राज्याकडून अनुदान मिळते. म्हणजे पूर्वी स्वतःच्या नाक्यावर जमणारा पैसा आता गांधीनगराहून येतो. महाराष्ट्रातही जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर २०१५ मध्ये बहुतांशी गेला, आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर मुंबईची जकातही संपली. आज भरपाई येते आहे. परंतु १९२१ च्या नगरसेवकांनी जो लगाम थुंकून टाकला होता, तो आपण आता साखर लावून तोंडात घेतला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याचा संबंध आपल्या मुलाबाळांशी कसा, ते पाहा. सुरत महानगरपालिकेची शिक्षण समिती गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा निरनिराळ्या माध्यमांच्या शाळा चालविते. मागावर बारा तास उभ्या राहणाऱ्या खानदेशी मजुराचे मूल आपल्या भाषेत अक्षरे गिरवते ते या शाळांत. पैसा आखडता झाला म्हणजे अशा शाळांवर पहिली नजर जाते, कारण तेथील पालक मोर्चा काढण्यास मोकळे नसतात. इकडे महाराष्ट्रात २०१७ च्या डिसेंबरात, दहापेक्षा कमी पट असलेल्या तेराशेहून अधिक शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत पाठविण्याचा निर्णय झाला होता. मंत्रालयातून 'जवळ' दिसणारी शाळा पावसाळ्यात ओढ्यापलीकडे असते, हे त्या वाडीवरच्या आईस ठाऊक असते, आणि तिचे म्हणणे मांडण्याचे कायदेशीर ठिकाण ग्रामसभाच आहे.

आता आपल्या पंचायतीविषयी. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी पंचायतींना जो पैसा दिला, त्यातील साठ टक्के 'बंधित' होता, म्हणजे पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करावयाचा. उरलेले चाळीस टक्के 'अबंधित'. गावास पाणी मिळावे म्हणून घातलेले हे बंधन वाईट म्हणता येणार नाही. पण शाळेच्या छपरासाठी मागितले तर हात त्या चाळिसांतच घालावा लागे. याखेरीज पंचायतीचा म्हणून हक्काचा पैसा म्हणजे घरपट्टी आणि पाणीपट्टी. तीवर बंधित निधीइतके कडक बंधन नाही, आणि तीच आपण थकवितो. लग्नात मांडवावर हजारो रुपये उडविणारे घर तीन-तीन वर्षे घरपट्टी भरत नाही, आणि गटार तुंबले की सरपंचास शिव्या देते, हे आम्ही पाहत आलो आहो. ज्या पंचायतीच्या पेटीत स्वतःचे चार पैसे नाहीत, तिने तालुक्यास 'नाही' म्हणणारा ठराव केला तर तालुका तो फाईलला लावून मोकळा होतो.

महाराष्ट्रात वर्षातून निदान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. पुढची सभा भरेल तेव्हा आमच्या वाचकांनी, विशेषतः भगिनींनी, मागच्या बाकावर न बसता तीन गोष्टी विचाराव्यात : बंधित पैसा किती आला आणि कोणत्या कामास लागला, अबंधित किती उरला, आणि घरपट्टीची थकबाकी किती, व ती कोणाकोणाकडे. शाळेचा पट उतरला असेल तर तो प्रश्नही त्याच सभेत, वरून पत्र येण्याआधी, ठरावात नोंदवून घ्यावा. जाताना आपली घरपट्टीची पावती बरोबर न्यावी. ती विचारणाऱ्याच्या हातात दिसली की ग्रामसेवक (आता त्यांस ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) हिशेबाची वही जरा लवकर उघडतात.